यंत्रावर शून्य, रस्त्यावर थरथर: एका हॅचबॅकच्या स्टिअरिंगचे प्रकरण

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या चेंबूरच्या वर्कशॉपमध्ये सात वर्षे जुनी एक पेट्रोल हॅचबॅक आली. गाडी ५८ हजार किलोमीटर चाललेली, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळणारी (फ्रंट-व्हील ड्राइव्ह), टायर १८५/६५ आर १५ मापाचे. गाडीमालक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते आणि त्यांनी बिलांची फाइल तारखांच्या क्रमाने लावून सोबत आणली होती. तीन महिन्यांत दोनदा बॅलन्सिंग (छोटी वजने लावून चाकाचा तोल साधणे), तीनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे), पुढचे दोन्ही टायर नवे, डाव्या बाजूचा लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) नवा, असा १७,९०० रुपयांचा खर्च वेगवेगळ्या तीन ठिकाणी होऊनही स्टिअरिंगची थरथर गेलेली नव्हती. "प्रत्येक वेळी काहीतरी फरक पडतो हो," ते म्हणाले, "एकदा कमी होते, एकदा वाढते, पण जात मात्र नाही." हे वाक्य मी त्या दिवशी नीट ऐकले असते तर माझा अर्धा दिवस वाचला असता. ग्राहक जे सांगतो त्यातली लक्षणे टिपून घ्यायची आणि त्याची मते सोडून द्यायची, अशी आम्हा लोकांना सवय असते. हे वाक्य मी मतांच्या खात्यात टाकले.

तक्रार नोंदवताना मी नेहमीचे प्रश्न विचारले. किती वेगाला थरथर सुरू होते, किती वेगाला थांबते, ब्रेक लावल्यावर वाढते का, ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढते का, वळणावर बदलते का, थरथर हातात जाणवते की सीटखाली, आणि ती पहिल्यांदा कधी जाणवली. शेवटचा प्रश्न सोडला तर बाकीच्यांची उत्तरे स्पष्ट मिळाली. साधारण ८० ला सुरुवात, ९० च्या आसपास हात बधिर होतील इतकी, शंभराला पोहोचता पोहोचता पुन्हा सौम्य, मुख्यतः हातात. ब्रेक लावल्यावर "तर विचारूच नका". वळणाबद्दल आणि ॲक्सिलरेटरबद्दल त्यांनी लक्ष दिले नव्हते.

कधीपासून, याचे उत्तर होते "दिवाळीपासून". दिवाळीच्या आठवडाभर आधी गाडीची सर्व्हिसिंग झाली होती, त्यामुळे दोष सर्व्हिसिंगवाल्याचा, हे त्यांच्या मनात पक्के झाले होते. इथे मुंबईच्या गाड्यांबाबतची एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. चेंबूरहून दादरला किंवा घाटकोपरला रोज ये-जा करणारी गाडी महिनोन्महिने ६० च्या पुढे जात नाही. चाकातला असमतोल ६० ला हाताला क्वचितच कळतो. या गृहस्थांची मुलगी उलव्याला राहते आणि दिवाळीत ते अटल सेतूवरून तिच्याकडे गेले, तेव्हा कित्येक महिन्यांनंतर गाडीने पहिल्यांदा ९० चा आकडा पाहिला. दोष त्या दिवशी सापडला होता. तो जन्मला कधी हे त्यावरून ठरत नव्हते. सेतू २०२४ च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून आमच्याकडे अशा तक्रारी वाढल्या आहेत, कारण शहराच्या अगदी दाराशी २१.८ किलोमीटरचा, शंभराची मर्यादा असलेला गुळगुळीत रस्ता आला आणि वर्षानुवर्षे झाकलेली दुखणी उघडी पडू लागली. पूर्वी हेच काम पुण्याचा द्रुतगती मार्ग करत असे.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही गाडी काढली. मी चालवायला, आमचा वर्कशॉपमधला मुलगा शेजारी वही घेऊन, आणि मागे गाडीमालक. टायरमधली हवा आधीच कंपनीच्या आकड्यावर आणून घेतली होती, कारण हवेत गडबड असेल तर पुढचे सगळे निरीक्षण वाया जाते. ईस्टर्न फ्रीवेवर ८० ची मर्यादा आहे आणि तिथे थरथर नुकती चाहूल देऊन गेली. शिवडीला सेतूवर चढल्यावर ८२ ला स्टिअरिंगची कड अस्पष्ट दिसू लागली, ९० ला ती डावी-उजवीकडे दोन-तीन मिलिमीटर हलताना सरळ डोळ्यांना दिसत होती, आणि ९८ ला निम्म्याने कमी झाली. बोटे सैल ठेवून स्टिअरिंग नुसते टेकवून धरले की थरथर घट्ट मुठीपेक्षा चांगली कळते, म्हणून तसे धरायचे. सोडायचे मात्र नाही.

मग चाचण्या. रस्ता पुढे-मागे मोकळा असताना ९० ला गिअर न्यूट्रलला घेतला आणि इंजिन चालूच ठेवून त्याचे फेरे खाली येऊ दिले. थरथर तसूभरही बदलली नाही, म्हणजे इंजिन, त्याचे माउंटिंग आणि क्लच यादीतून गेले. पुन्हा गिअरमध्ये घेऊन जोर दिला, मग पाय काढला. तरी फरक नाही. अशा पुढच्या ओढीच्या गाडीत आतल्या बाजूचा सीव्ही जॉइंट (एक्सलचा वाकू शकणारा सांधा) झिजला असेल तर जोर दिल्यावर गाडी हलते आणि पाय काढला की शांत होते. इथे तसे होत नव्हते. सेतूच्या लांब वळणांवर गाडीचा भार एका बाजूला गेला तरी घुरघुर वाढली-घटली नाही, म्हणून बेअरिंगवरचा संशयही मागे पडला. शेवटी हलका ब्रेक. आणि इथे एक गोष्ट कळली जी फाइलमधल्या एकाही बिलावर नव्हती: ब्रेकची थरथर वेगळी होती. ती जाडसर होती, तळपायाला पेडलमधून ठोके देत होती आणि ९० ला जेवढी जाणवत होती तेवढीच ७० ला, ६० लाही जाणवत होती. गाडीमालक ज्याला एक तक्रार म्हणत होते त्या प्रत्यक्षात दोन होत्या. आधीच्या तिन्ही ठिकाणी त्या एकच धरल्या गेल्या होत्या.

सीटच्या लोखंडी पट्टीवर मोबाइल चिकटपट्टीने बसवून कंपने मोजणारे एक साधे ॲप मुलाने सुरू ठेवले होते. ९० ला त्यावर ठळक आकडा आला सेकंदाला १३. हा आकडा पुष्कळ काही सांगतो. या मापाचे टायर एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर अंतर कापते. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. म्हणजे चाकाचे फेरे सेकंदाला तेरा. त्याच वेळी पाचव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण २५०० फेरे घेत होते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ बेचाळीस, आणि चार सिलिंडरच्या इंजिनाचे मुख्य कंपन त्याच्या दुप्पट असते. मोबाइलवर तिथे काहीच नव्हते. चाकाच्या एका फेऱ्याला एक हादरा बसत होता, याचा अर्थ दोष अशा वस्तूत होता जी चाकाबरोबर फिरते आणि जिच्यात एकच जड किंवा उंच जागा आहे: टायर, रिम, हब (चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग) किंवा डिस्क (ब्रेकची चकती). एक्सलही चाकाच्याच वेगाने फिरतो, पण त्याला आधीच्या चाचणीने बाजूला काढले होते.

आता ९० लाच का, शंभराला कमी का, हा प्रश्न ग्राहक हमखास विचारतात. असमतोलाचे बल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दीडपट झाला की बल सव्वादोनपट होते. त्या हिशेबाने शंभराला थरथर जास्त असायला हवी. पण चाक, हब आणि सस्पेन्शनचा खालचा भाग यांची स्वतःची डोलण्याची एक लय असते, बहुतेक मोटारींत सेकंदाला दहा ते पंधरा वेळा, आणि चाकाचे फेरे त्या लयीशी जुळले की छोटा धक्काही मोठा होऊन हातात येतो. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेल्या बोटभर धक्क्यासारखे ते असते. वेग पुढे गेला की लय चुकते आणि हाताला बरे वाटते. बल मात्र वाढतच असते, आणि बेअरिंग, बुश (सांध्यातले रबर), बॉल जॉइंट ते निमूटपणे सोसत असतात. "शंभरच्या पुढे काढा, आपोआप शांत होते" हा सल्ला मी स्वतः ऐकलेला आहे आणि तो देणाऱ्याला गाडी कळते असे मला वाटत नाही.

वर्कशॉपमध्ये गाडी रॅम्पवर घेतल्यावर माझा संशय वाकलेल्या रिमवर होता, आणि तो चुकीचा होता. मुंबईचे खड्डे पाहता तो संशय येणे साहजिक म्हणावे, पण संशय इतका पक्का होता की मी मुलाला लगेच चाके काढायला सांगणार होतो. तसे केले असते तर सगळा पुरावाच पुसला गेला असता. सुदैवाने डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापक) हाताशी होता म्हणून आधी चाक जागेवरच मोजले. चाक हाताने सावकाश फिरवून रिमच्या कडेवर गेजची टोकणी टेकवली, तेव्हा उजव्या चाकाचा काटा एका फेऱ्यात ०.५ मिलिमीटर हलला आणि डाव्याचा १.३ मिलिमीटर. दोष डाव्या बाजूला आहे हे निश्चित झाले. चाकाची जागा कळावी म्हणून एका स्टडवर (हबचा, नट बसतो तो बोल्ट) आणि त्यासमोरच्या भोकाजवळ खडूने खूण केली आणि मगच नट सोडले.

चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर चढवले. यंत्राने दोन्ही बाजूंना शून्य दाखवले. पुन्हा ढिले करून अर्धा फेरा फिरवून बसवले; एका बाजूला पाच ग्रॅम, दुसऱ्या बाजूला शून्य. म्हणजे आधीच्या टायरवाल्याने बॅलन्सिंग नीटच केले होते. मग यंत्रावरच त्या रिमच्या कडेला गेज लावला. काटा हलला फक्त ०.३ मिलिमीटर. जे चाक गाडीवर १.३ मिलिमीटर डुलत होते ते यंत्रावर जवळजवळ गोल होते. रिम वाकलेली नव्हती. हबच वाकडा असेल म्हणून त्याच्या मधल्या उंचवट्यावर गेज लावला तर ०.०४, म्हणजे दोष धरण्याजोगा नाही. चाक चांगले, हब चांगला, आणि दोघे एकत्र आले की वाईट. आता पाहण्यासारखी एकच जागा उरली होती, ती म्हणजे दोघे एकमेकांना भेटतात ती.

आम्ही चाक पालथे घातले. ते कंपनीचे नव्हते. वर्षभरापूर्वी गाडीमालकांच्या मुलाने हौसेने अलॉय चाके बसवून घेतली होती, पण ती दुरुस्ती नसून शोभेची खरेदी असल्यामुळे तिचे बिल फाइलमध्ये नव्हते आणि मीही विचारले नव्हते. बाजारात मिळणारी अलॉय चाके अनेक कंपन्यांच्या गाड्यांना चालावीत म्हणून त्यांचे मधले भोक मुद्दाम मोठे ठेवलेले असते. व्हर्नियरने मोजले: भोक ६७.१ मिलिमीटर, हबचा उंचवटा ५४.१ मिलिमीटर. ही तफावत भरून काढण्यासाठी प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची एक कडी मिळते, जिला बाजारात सेंटरिंग रिंग किंवा हब रिंग म्हणतात. उजव्या चाकात ती काळी कडी होती, मागच्या दोन्ही चाकांतही होती. डाव्या पुढच्या चाकात नव्हती. हबभोवती साडेसहा मिलिमीटरची मोकळी फट होती आणि चाक केवळ चार नटांच्या भरवशावर मध्यभागी राहण्याचा प्रयत्न करत होते.

नट शंकूच्या आकाराचे असतात आणि भोकांचे तोंडही तसेच असते, त्यामुळे तत्त्वतः नटही चाकाला मध्यावर आणतात, हे खरे. पण त्यासाठी चाक हवेत हवे, नट हाताने आलटून-पालटून बसवायला हवेत आणि समोरासमोरच्या जोड्यांत हळूहळू आवळायला हवेत. प्रत्यक्षात काय होते ते आपण रस्त्यावर रोज पाहतो: पहिला नट लावला, न्युमॅटिक गनने पूर्ण आवळला, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. पहिल्या नटाने चाक जिकडे ओढले तिकडेच ते अडकते. या गाडीत ते साधारण अर्धा मिलिमीटर सरकून बसले होते, कारण केंद्र अर्ध्या मिलिमीटरने सरकले की कडेवरचा काटा एक मिलिमीटर जास्त हलतो, आणि आमच्या दोन मापांतला फरक नेमका तेवढाच होता.

अर्धा मिलिमीटर म्हणजे एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षाही कमी. त्याने काय होणार, असे गाडीमालकांनी विचारले आणि प्रश्न रास्त होता. टायरसह चाकाचे वजन आम्ही काट्यावर केले, ते १६ किलो भरले. सोळा किलोची वस्तू तिच्या केंद्रापासून अर्धा मिलिमीटर बाजूला फिरत असेल, तर त्याचा परिणाम १९० मिलिमीटर त्रिज्येच्या रिमवर सुमारे ४२ ग्रॅमचे वजन उगाच चिकटवल्यासारखा होतो. टायरवाले पाच-दहा ग्रॅमसाठी चिमट्याने वजने लावत बसतात, आणि इथे बेचाळीस ग्रॅम फुकटात लागले होते. ९० च्या वेगाला हे असंतुलन चाकाला सुमारे साडेपाच किलो वजनाच्या जोराने ओढते, आणि दर सेकंदाला तेरा वेळा त्या ओढीची दिशा पूर्ण फिरते. शिवाय रस्त्यावर टेकणारे टायरही तेवढेच केंद्र सोडून फिरत असते, तो भार वेगळाच.

यंत्राला हे का दिसले नाही, हे आता उघड होते. बॅलन्सिंगच्या यंत्रात चाक मधल्या भोकात शंकू दाबून बसवतात. तो शंकू भोक ५४ चे असो की ६७ चे, चाक बरोबर मध्यावर आणतो. यंत्राला रिंगची गरजच नसते. ते चाकाची परीक्षा घेते, चाकाच्या बसण्याची नाही, आणि म्हणून त्याचे शून्य खरे असूनही गाडीच्या कामाचे नव्हते.

बिलांची फाइल मी तेव्हा पुन्हा उघडली आणि गृहस्थांचे पहिल्या दिवशीचे वाक्य आठवले. प्रत्येक दुरुस्तीत चाक निघाले होते. बॅलन्सिंगला निघाले, टायर बदलताना निघाले, लोअर आर्म बसवताना निघाले, आणि दर वेळी ते नव्या ठिकाणी सरकून बसले. नशिबाने जवळ बसले तर थरथर कमी, दूर बसले तर जास्त. जिथे कमी झाली तिथल्या माणसाला आपला इलाज लागू पडल्याचे वाटले, जिथे वाढली तिथल्याने पुढचा भाग सुचवला. त्या तिघांनाही दोष देणे मला जमत नाही, कारण प्रत्येकाच्या हाती तात्पुरता का होईना, पुरावा येत होता. फक्त तो पुरावा त्याच्या कामाचा नव्हता, चाक काढून-बसवण्याचा होता. अलाइनमेंट मात्र तीनदा करण्याचे काहीच कारण नव्हते. अलाइनमेंट बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने खाल्ले जाते, स्टिअरिंग सरळ रस्त्यावर तिरके राहते. स्टिअरिंग थरथरत नाही. पण आपल्याकडे अलाइनमेंट-बॅलन्सिंग हा एकच शब्द असल्यासारखा बोलला जातो आणि एकाच पावतीवर छापला जातो, त्यामुळे एकाची गरज असली की दुसरे आपोआप होते.

लोअर आर्मबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे. जुना आर्म गाडीमालकांनी डिकीत ठेवला होता, तो पाहिला. त्याच्या मागच्या बुशचे रबर खरोखरच चिरले होते. चिरलेला बुश थरथर निर्माण करत नाही, पण चाकात जन्मलेली थरथर अडवायची सोडून तिला हातापर्यंत वाट देतो. तो बदलल्यावर काही आठवडे बरे वाटले असेल तर त्यात नवल नाही. बदलायलाच हवा होता तो; मूळ दुखणे तिथे नव्हते इतकेच.

रिंग आम्ही कुर्ल्याच्या सुट्या भागांच्या बाजारातून आणली, ६७.१ ते ५४.१ मापाची, चारचा संच. ॲल्युमिनियमची जास्त टिकाऊ वाटते, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात ॲल्युमिनियम आणि हबचे पोलाद एकमेकांना धरून बसतात आणि पुढच्या वेळी चाक हातोड्याने पाडावे लागते, म्हणून मी मुंबईच्या गाड्यांना चांगल्या प्रतीची प्लास्टिकचीच देतो. घाटात सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्यांनी उष्णतेचा विचार करून उलट निवड केली तर तेही बरोबर. हबच्या तोंडावर गंजाचे पापुद्रे होते, ते तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला. चाक हवेत असतानाच चारही नट हाताने टेकवले, फुलीच्या क्रमाने दोन टप्प्यांत आवळले, आणि शेवटी टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या १०० न्यूटन-मीटरवर आणले. गेज पुन्हा लावला: ०.४. त्याच दिवशी रात्री उशिरा सेतूवर गेलो तर ८० पासून १०० पर्यंत स्टिअरिंग स्थिर होते. गाडीमालक मागून पुढे वाकून माझ्या हातांकडे बघत होते. "हात हलत नाहीयेत," एवढेच ते म्हणाले.

ब्रेक लावल्यावरची थरथर मात्र जशीच्या तशी होती, आणि मला त्याचे समाधानच वाटले, कारण दोन दोष वेगळे आहेत याची खात्री त्यामुळे झाली.

डिस्क वाकली, असे आपण सर्रास म्हणतो. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी ठिकठिकाणी वेगळी झालेली असते. मायक्रोमीटरने डाव्या डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली. सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ जागेत ०.०३ मिलिमीटरचा फरक निघाला. पायाला ठोका कळायला याच्या निम्मा फरकही पुरतो. डिस्कचे डुलणे मोजले तर ०.१२ मिलिमीटर, म्हणजे हवे त्याहून बरेच जास्त. कारण डिस्क काढल्यावर दिसले: हब आणि डिस्क यांच्या मध्ये, एका बाजूला, नखाने खरवडता येईल असा गंजाचा थर जमला होता. त्या थरामुळे डिस्क किंचित तिरकी बसली होती, आणि ब्रेक लावलेला नसतानाही तिचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्याला पॅडला चाटून जात होता. हजारो किलोमीटर असे चाटत राहिले की तो भाग पातळ होतो आणि मग ब्रेक लावल्यावर पॅड जाड-पातळ जागांवरून उड्या मारत जातो. म्हणून नुसती डिस्क बदलून गंज तसाच ठेवला तर नवी डिस्कही काही महिन्यांत तेच करते. ग्राहकाला वाटते डिस्क डुप्लिकेट मिळाली.

डिस्कच्या कडेवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. इथे तो २० मिलिमीटर होता आणि आमची डिस्क पातळ जागीही २१.३ भरली. तेव्हा नवी घेण्याऐवजी दोन्ही पुढच्या डिस्क लेथवर हलक्या घासून घेतल्या, हबचा गंज काढला, पॅडचा जोड नवा घातला. बसवल्यानंतर डुलणे ०.०३. नवे पॅड डिस्कवर बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, मधे थंड व्हायला वेळ, असे दहा-बारा वेळा केले. पूर्ण थांबून पेडल दाबून धरायचे नाही, नाहीतर गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि आपणच नवा ठोका तयार करतो. सकाळी गाडी परत देताना ब्रेकही शांत होता.

मग एकच धागा उरला: डाव्या चाकातली कडी गेली कुठे? गाडीमालकांना आठवेना. त्यांच्या मुलाला फोन लावला तेव्हा त्याने सांगितले की जुलैमध्ये रात्री घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडवर भर पावसात पुढचे डावे टायर बसले होते आणि रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने स्टेपनी लावून दिली होती. दोन दिवसांनी दुसऱ्याने अलॉय चाक पंक्चर काढून परत बसवले. ही स्टेपनी कंपनीची, पोलादी रिमची, मधले भोक बरोबर ५४.१ चे. अलॉय चाक काढताना कडी चाकाबरोबर न येता हबवरच अडकून राहिली असणार, कारण तसे अनेकदा होते. ती हबवर असेपर्यंत स्टेपनी आत जाऊन सपाट बसूच शकत नाही. पावसात, अंधारात, पंक्चरवाल्याने ती उपटून बाजूला ठेवली, आणि ते त्याने योग्यच केले. कडीवर स्टेपनी जबरदस्तीने आवळली असती तर चाक रस्त्यात सुटण्याची वेळ आली असती. दोन दिवसांनी चाक परत बसवणाऱ्याला तिथे कधी कडी होती हे कळण्याचे साधनच नव्हते. जुलै ते दिवाळी गाडी शहरातच फिरली आणि कोणाला काही जाणवले नाही.

"म्हणजे सर्व्हिसिंगवाल्याचा दोष नव्हता तर," गाडीमालक म्हणाले. त्यांना थोडे अवघडल्यासारखे झाले होते, कारण त्या माणसाशी त्यांचे बरेच वाजले होते. मी म्हणालो, "काका, नट तरी त्याने टॉर्क रेंचने आवळायला हवे होते." पण ते अर्धेच खरे होते.

दोन हजार किलोमीटर झाल्यावर गाडी तपासणीला आली तेव्हा डावे चाक ०.४ वरच होते आणि नट एकही ढिला नव्हता. उजव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला मात्र वाळलेल्या सिमेंटचा तळहाताएवढा गोळा चिकटला होता, बांधकामाच्या रस्त्यावरून गेल्यामुळे; तो खरवडून काढला. पावसाळ्यात चिखलाचे असे गोळे रिमच्या आत बसतात आणि थरथर सुरू होते, तेव्हा कोणाकडे जाण्याआधी आतून पाण्याचा पाइप मारून पाहावे. संचातल्या चार कड्यांपैकी उरलेल्या तीन गाडीमालकांनी कागदात गुंडाळून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवल्या आहेत. कागदावर त्यांनी बँकेतल्या वळणदार अक्षरात लिहिले आहे: "स्टेपनी लावताना हबवरची काळी कडी काढावी व जपून ठेवावी. अलॉय लावताना आधी कडी, मग चाक." याचीच दुसरी प्रत स्टेपनीच्या रिमवर चिकटपट्टीने लावलेली आहे, हिंदीतही.